शेलार सरांचे शेरे

माझ्या लग्नाची पत्रिका शेलार सरांनी नीट वाचली, ‘श्रीकृपेकरून’ या शब्दाखाली हिरव्या शाईनं रेघ ओढली आणि समासात लिहिलं, ‘आधार?’ मग पत्रिका मला परत दिली. दुरुस्तीसाठी.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. साताऱ्याच्या आमच्या कॉलेजात सर वनस्पतिशास्त्र शिकवत. मी त्याच विभागात नवा. सर वर्गात शुद्ध बोलत, बाहेर पडले की आपल्या रहिमतपूरचं. पुण्याचं एक मराठी संशोधन-नियतकालिक लेख छापण्याआधी तपासायला त्यांच्याकडे पाठवी, लेखकाचं नाव झाकून. परीक्षक कोण, हे लेखकालाही कळत नसे. सगळी पत्रं संपादकांमार्फत. बाकीचे परीक्षक ‘ठीक आहे’ लिहून मोकळे होत, सर अकरा पानं लिहीत. शिरवळच्या माळावर अमुक गवत गुडघाभर वाढतं, असं एका लेखात होतं. सर एस.टी.नं जाऊन पट्टी लावून आले.

"गुडघा कुनाचा? लेखकाचा का माजा?" मला म्हणाले. "आकडा नगं व्हय?"

मग उसाच्या पानांवर पडणाऱ्या तांबेरा रोगावरचा एक लेख आला. लय चांगला हाय, असं सरच म्हणाले. तरी प्रश्न काढले. उत्तरं आली. पुन्हा प्रश्न, पुन्हा उत्तरं. ते तिसऱ्यांदा लिहायला बसले, तेव्हा टेबलावरचं संपादकांचं पत्र मी वाचलं. लेखकाची कायम नोकरीची मुलाखत महिनाअखेरीला होती आणि लेख स्वीकारल्याचं पत्र तोवर त्याच्या हातात हवं होतं.

"सर, आता काय राहिलंय?"

"पानावरचा ठिपका सकाळी मोजला का दुपारी?"

"ते मागच्या खेपेला सांगितलंय त्यानं."

सरांनी तरी पेन उचललं. मला राग आला. "तुमच्या पट्टीपायी एखाद्याची नोकरी जाईल," मी बोलून गेलो.

त्यांनी ड्रॉवर उघडला. आत लेखकांची उत्तरं, वर्षानुवर्षांची, तारखेनुसार लावलेली. सगळ्यात वरचं, या तांबेऱ्याच्या लेखकाचं, त्यांनी माझ्यापुढं धरलं. ‘माननीय परीक्षक, माझं लिखाण इतक्या बारकाईनं आजवर कुणी वाचलं नाही. आपली तब्येत बरी आहे ना?’

"ह्यो इचारतोय," सर म्हणाले. "घरात हाय का कोन इचारनारं? लेख पास केला की पत्र बंद, गड्या."

मला वाईट वाटलं, रागावल्याची लाजही वाटली.

त्यांनी प्रश्नांचा कागद फाडला, नवा घेतला, त्यावर काहीतरी लिहिलं आणि तो घडी घालून माझ्याकडे दिला. पोस्टात टाकण्याआधी मी तो उघडून पाहिला.

‘छापावा,’ एवढंच होतं. खाली वेगळ्या ओळीत, ‘तब्येत बरी आहे.’