दा नांगहून मुलुंड चालवताना

माझी योजना इतकी बिनतोड होती, की ती कोणाला सांगता येत नाही याचंच मला वाईट वाटायचं.

मी प्रोग्रामर. कंपनी अंधेरीची, घर मुलुंडला, काम घरून. देशाबाहेर बसून काम करायचं तर परवानगी लागते, आणि ती आजवर कोणाला मिळालेली नाही. पण मी डोकं लढवलं. कंपनीचा लॅपटॉप मुलुंडच्या टेबलावर चालू ठेवला आणि स्वतःचा दुसरा घेऊन मार्चमध्ये थेट व्हिएतनाम गाठलं, दा नांग. तिथे बसून इथला लॅपटॉप चालवायचा. कंपनीला दिसणार, हर्षद मुलुंडात आहे. व्हिएतनामनंतर जॉर्जिया, मग पोर्तुगाल! घरच्यांना एकच काम दिलं होतं: त्या लॅपटॉपला हात लावायचा नाही.

"पुसायचा पण नाही?" आईने विचारलं.

"पुसायचा पण नाही."

तिने त्याच्यावर क्रोशाचा रुमाल टाकला. तेवढं मी चालवून घेतलं.

आठवडाभर झकास चाललं. मग एका ग्राहकाला आमचं नवीन ॲप दाखवायचं होतं, नेमका त्याच सकाळी मुलुंडचा लॅपटॉप स्वतःहून अपडेट झाला आणि बंद होऊन पुन्हा चालू झाला. माझी जोडणी तुटली. आता घरातल्या कोणीतरी हाताने पासवर्ड टाकल्याशिवाय तो उघडणार नव्हता. मी बाबांना फोन लावला.

बाबांनी भांडुपच्या एका कारखान्यात जन्मभर लेथ चालवला. बटण दाबायचं आणि हात मागे बांधून मशीन काय करतंय ते बघायचं, ही त्यांची सवय. फोन स्पीकरवर ठेवून त्यांनी एका बोटाने पासवर्ड टाकला.

"उघडला," बाबा म्हणाले. "आता एक चौकोन आलाय. मीटिंग म्हणतोय."

"त्याला हात लावू नका."

"लावला."

"बंद करा तो! आणि ऐका, कोणी विचारलंच तर मी बाथरूममध्ये आहे म्हणून सांगा. आमच्या बॉस इरावती मॅडमना संशय आला तर माझी वाट लागली. बाई नाही ती, सीसीटीव्ही आहे."

बाबा म्हणाले, "हर्षद, इथे बरीच माणसं दिसतायत. मी पण आहे त्यांच्यात."

"नमस्कार काका," बाईचा आवाज आला. "मी इरावती. हर्षद कुठे आहे?"

बाबांना खोटं बोलता येत नाही, आणि मुलाचा शब्दही मोडवत नव्हता. त्यांनी मधला मार्ग काढला. "तो बाथरूममध्ये आहे, असं सांग म्हणालाय."

कोणीतरी हसलं. मॅडम हसल्या नाहीत.

"हर्षद, ऐकतोयस ना?"

"हो मॅडम."

"मग आहेस तिथूनच बोल. ग्राहक थांबलेत."

माझी जोडणी काही केल्या लागेना. ॲप मुलुंडच्या लॅपटॉपवर, आणि लॅपटॉपसमोर बाबा. म्हणजे बाबाच ॲप दाखवणार. घरबसल्या रक्ततपासणी ठरवायचं ॲप होतं, आणि ग्राहक ठाण्यातले एक लॅबवाले. मी दा नांगहून सांगत होतो, बाबा दाबत होते.

"अटी मान्य आहेत का, विचारतोय," बाबा म्हणाले. "अटी कुठायत?"

"हो म्हणा आणि पुढे जा."

"न वाचता कसा हो म्हणू?"

"बरोबर बोलतायत ते," लॅबवाले म्हणाले. मग सगळ्यांनी बसून अटी ऐकल्या. बाबा वाचत होते. सातव्या अटीत मला एक चूक सापडली, मी गप्प राहिलो.

तेवढ्यात आई चहा घेऊन आली. पडद्यावरची माणसं बघून तिने विचारलं, "यांना पण टाकू का?" मग फोनवर माझा आवाज ऐकून जवळ आली. "हर्षद, जेवतोस ना रे वेळेवर? त्या व्हिएतनामात आपल्यासारखी डाळ तरी मिळते का?"

काय बोलायचं ते बाबांना सांगितलं होतं. आईला सांगायचं राहून गेलं होतं.

"व्हिएतनाम," मॅडम एवढंच म्हणाल्या. "काका, तुम्ही चालू ठेवा."

बाबांनी शेवटपर्यंत चालू ठेवलं. स्वतःच्या नावाने शुगरची तपासणी ठरवली. दुसऱ्या सकाळी रक्त घ्यायला माणूस खरंच दारात उभा राहिला, कारण मी ॲप चुकून खऱ्या लॅबला जोडून ठेवलं होतं. लॅबवाले खूश झाले. मला मात्र परतीचं तिकीट काढावं लागलं.

अंधेरीला मॅडमच्या केबिनमध्ये मी नोकरी गेली असं धरूनच उभा होतो.

"समुद्र कसा आहे रे तिथला?" त्यांनी विचारलं.

मला सांगता येईना. सकाळपासून मुलुंडच्या वेळेने काम, आणि लाटांचा आवाज मीटिंगमध्ये जाऊ नये म्हणून खिडकी कायम बंद. त्यांनी फोटो मागितले. मी फोन दिला. वायफायच्या पासवर्डचा फोटो, प्लगचा फोटो, नूडल्सच्या पाकिटाचे दोन.

त्यांनी सगळे फोटो सरकवून बघितले. मग फोन परत देत म्हणाल्या, "या वेळी सोडतेय. ग्राहक तुझ्या बाबांवर खूश आहेत म्हणून. पण हर्षद, एवढा खटाटोप कशाला केलास? दोन आठवड्यांची रजा शिल्लक होती तुझी."

"होती म्हणजे?"

"वापरली नाहीस, मार्चअखेरीस बुडाली."