उसनं पोर

आमच्या किन्हवलीत शेजारीपाजारी एकमेकांकडे विरजण मागतात, शिडी मागतात, लग्नाला जायचं असेल तर बायकोची चांगली पर्ससुद्धा मागतात. यमुनाकाकी पोर मागते.

"पम्या, पोरगा मोकळा हाय का रे?" असं ती अंगणातूनच विचारते. जणू माझा दोन वर्षांचा गंप्या म्हणजे नळ दुरुस्त करायचा पाना. सकाळी पोर न्यायचं, संध्याकाळी परत आणायचं. आणि परत यायचं तेव्हा पोर धुतलेलं, पावडर थापलेलं, पोट टम्म. उसनं आणलेलं भांडं रिकामं परत देऊ नये, हा काकीचा नियम पोरांनाही लागू होता.

आधी ती समोरच्यांची मुलगी न्यायची. ती अंगणवाडीत जायला लागली, तसा आमच्या गंप्याचा नंबर लागला.

"पण नेतेस कुठं?"

"मुरबाडला. कालेजात बॉल दावाया. पोराची नजर खुलते."

आमच्या बायकोला वाटलं, हे काहीतरी वैद्यकीय आहे. मला वाटलं, रविवारची झोप मिळते आहे. आम्ही दोघांनीही पुढं काही विचारलं नाही.

काकी सत्तरीची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. अंगानं काटकी आणि शब्दाची पक्की. पक्की म्हणजे किती? "थुंकलेलं मी चाटत नाय," हे तिचं आवडतं वाक्य. एकदा वाण्यानं वाल किडके दिले म्हणून ती गरजली, "तुझ्या दुकानाची पायरी चढनार नाय!" आजतागायत चढलेली नाही. रस्त्याच्या पलीकडं उभी राहून ओरडते, "गूळ दे अर्धा किलो! काळा दे, पिवळा नको!" आणि वाणी बिचारा गूळ घेऊन रस्ता ओलांडतो. एस.टी.च्या कंडक्टरला म्हणाली, "तुझ्या गाडीत बसनार नाय." तेव्हापासून त्याच्या गाडीतून ती मुरबाडपर्यंत उभी जाते. सीट रिकामी असली तरी. शब्द मोडायचा नाही आणि कामही अडू द्यायचं नाही, यातली तिची वकिली हायकोर्टात चालली असती.

पण गंप्याला कडेवर घेऊन उभं राहणं तिलाही जमेना. म्हणून एका रविवारी मी मोटरसायकल काढली. पुढं मी, मध्ये गंप्या, मागं एका अंगाला बसलेली काकी आणि तिची उघडी छत्री. सरळगावपर्यंत आम्ही जेवढं पुढं गेलो, त्याहून जास्त त्या छत्रीनं आम्हाला मागं ओढलं.

कॉलेजच्या मागं सिमेंटचं मैदान. दोन टोकांना दोन रिंगा. मुलींची मॅच होती. पलीकडच्या रिंगेमागं शिपायाच्या बायकोनं प्लॅस्टिकवर तांदळाच्या पापड्या वाळत घातल्या होत्या. आम्ही झाडाखाली बसलो आणि मुली मैदानात उतरल्या. नऊ नंबरची पोरगी पाहिली आणि माझी ट्यूब पेटली. ती सायली होती. काकीची सख्खी नात.

दोन वर्षांपूर्वीचं ते भांडण अख्ख्या आळीनं ऐकलं होतं. सायली तेव्हा अकरावीत. बास्केटबॉल खेळणार म्हणाली, हाफ चड्डी घालून. काकी उंबऱ्यात उभी राहिली. "गुडघं उघडं टाकून नाचायचं असंल, तर माझ्या उंबऱ्यात पाय ठेवायचा नाय!" पोरगीही आजीवरच गेलेली. तिनं चप्पल घातली आणि निघाली. पाठोपाठ मुलगा-सून मुरबाडला बिऱ्हाड करून राहिले. मुलगा सणावाराला येऊन जायचा. सायली नाही. तिनं खरंच पाय ठेवला नाही.

"काकी," मी म्हणालो, "ही तर—"

"मी गंप्याला बॉल दावाया आलेय. तू गप बस."

गंप्या मुंग्या बघत होता. बॉल काकीच बघत होती. सायली पळाली की काकीचे पाय मातीत हलायचे. सायलीनं बॉल टाकला की काकी गंप्याचे दोन्ही हात धरून टाळ्या वाजवायची, म्हणजे टाळ्या गंप्यानं वाजवल्या. मधेच पुटपुटायची, "गुडघं बघ. उघडं ते उघडंच." आणि पदरानं डोळ्यांत गेलेलं काहीतरी काढायची.

"सांभाळ पोराला," थोड्या वेळानं तिनं गंप्या माझ्याकडं दिला. नीट बघता यावं म्हणून दिला असणार.

आता माझी हुशारी ऐका. शेजारी एक गृहस्थ बसले होते. त्यांना मी खेळ समजावून सांगू लागलो. बास्केटबॉलबद्दल मला एवढंच ठाऊक आहे की त्यात बॉल असतो. तरी मी "हा सरळसरळ नो बॉल" इथपर्यंत पोचलो होतो. ते गृहस्थ शांतपणे म्हणाले, "मी ह्यांचा कोच आहे." मी मान खाली घातली, तेव्हा लक्षात आलं की मांडीवर गंप्या नाही.

गंप्या मैदानात होता. भर मध्यात. पापड्यांच्या दिशेनं, तोंडाचा चंबू करून, डुलत डुलत चालला होता. आणि त्याच दिशेनं सायली बॉल घेऊन सुसाट येत होती. मागं चार पोरी. समोर रिंग मोकळी.

"सायलेऽऽ! पोर!" काकी ओरडली. दोन वर्षांत न उच्चारलेलं नाव मुरबाडच्या डोंगरापर्यंत गेलं.

सायलीनं बॉल सोडला. गुडघ्यांवर पडली आणि गंप्याला छातीशी घेतलं. चार पोरी कशाबशा बाजूनं निसटल्या. बॉल एकटाच पुढं जाऊन पापड्यांत पडला. शिपायाची बायको जे बोलली, ते इथं लिहिता येत नाही.

सायली पोर घेऊन थेट झाडाखाली आली. दोन्ही गुडघे सोललेले.

"पोर कुनाचं?"

हात मी वर करायला हवा होता. काकी म्हणाली, "माजं."

"आजी, आधी पोरगी आनायचीस. आता पोरगा?"

म्हणजे हिला सगळं ठाऊक होतं! पहिल्यापासून!

"मिळंल ते आनते," काकी पायाकडं बघत म्हणाली. "लागलंय काय गो? हळद लावली पायजे. घरी चल."

"कशी येऊ? उंबऱ्यात पाय ठेवू नको म्हनलीस ना?"

मी मनात म्हटलं, काकी, आता चाट एकदाचं! काकीचे ओठ हलले. पण बाहेर आलं ते तेच. "म्हनले ते म्हनले." सायली गंप्याला माझ्याकडं देऊन लंगडत परत गेली.

परतीच्या वाटेवर काकीनं छत्री उघडली नाही. मॅच कोण जिंकलं, तेही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या घरातून ठोकाठोक ऐकू आली. जाऊन बघतो तर सुतार पहारीनं दाराचा उंबरा उखडत होता. सागाचा, सासऱ्यानं बसवलेला. रोज सकाळी हळदकुंकू वाहिल्याशिवाय काकी त्याला ओलांडत नसे.

"काकी, हे काय?"

"वाळवी लागलेली."

मी लाकडावर टकटक केलं. खणखणीत वाजलं. सुतारानं माझ्याकडं बघितलं, मी सुताराकडं. दोघांनाही काही दिवस गावात राहायचं होतं, म्हणून गप्प बसलो.

उंबरा तिनं ओटीवर ठेवला आणि त्यावर बसून गाड्या बघू लागली. गावभर मात्र "उंबरा काढला, वाळवी हो" हे ज्याला त्याला सांगितलं. मुरबाडला जाणाऱ्यांना तर दोनदा.

पुढच्या रविवारी मुरबाडच्या गाडीतून सायली उतरली. गुडघ्यांवर खपल्या, अंगात तीच चड्डी. दाराशी येऊन थबकली. खाली बघितलं. सपाट, नुकतीच सारवलेली जमीन.

"आजी, उंबरा?"

काकी हळदीची वाटी घेऊन आत उभीच होती.

"कसला उंबरा?" ती म्हणाली.