भेकरे सरांचा एकोणिसावा सत्कार

एका जंगलात, बाळांनो, राजा नव्हता. समिती होती.

राजा कधीतरी मरतो तरी. समिती मरत नाही, तिचं फक्त पुनर्गठन होतं. हसू नका रे मागचे, मोठे झालात की कळेल.

त्या जंगलात अंजनाच्या झाडाखाली एक शाळा होती. लहानशीच. बावीस पिल्लं, दीड खडू आणि मुख्याध्यापिका म्हणून एक घोरपड. सगळे तिला घोरपडबाई म्हणत. बाईंचा स्वभाव सरळ होता. एखादी गोष्ट धरली की सोडायची नाही.

बाईंना एकच दुःख होतं. दर हिवाळ्यात माणसं जंगलात यायची आणि झुडपांमधून तारेचे फास लावून जायची. बारीक तार, गोल गाठ. पिल्लू खेळत खेळत जायचं, मान आत घालायचं आणि संपायचं. मग बाई हजेरीपट उघडायच्या आणि त्या नावावर लाल शाईने रेघ मारायच्या. गेल्या हिवाळ्यात पाच रेघा. त्याआधीच्या हिवाळ्यात चार. एक तरी हिवाळा असा जाऊ दे की लाल शाई उघडावीच लागणार नाही, एवढंच त्यांचं मागणं होतं.

त्यासाठी फास ओळखायला शिकवणारा मास्तर हवा होता. मास्तर यायचे, नाही असं नाही. पण टिकायचे नाहीत. शाळेला छप्पर नाही, मास्तराला राहायला धड जागा नाही. पिल्लं वाचली तर पिल्लं हुशार, अडकली तर मास्तर नालायक. पाच वर्षांत सहा मास्तर आले आणि गेले. जाताना कुणी त्यांना ‘बसा जरा, पाणी प्या’ असंही म्हटलं नाही. ही गोष्ट बाईंच्या मनाला लागून राहिली होती. तुम्हीही लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर समितीने सातव्या मास्तरासाठी जाहिरात काढली. अटी सतरा. त्यातली चौथी अशी, की उमेदवाराला चारही पाय असावेत.

मुलाखतीला दोघेच आले. पहिला एक मोर. त्याला दोनच पाय होते, पण त्याबद्दल त्याच्याकडे प्रमाणपत्र होतं.

“फास कधी पाहिलाय का?” घोरपडबाईंनी विचारलं.

“पाहायची वेळ आली नाही,” मोर म्हणाला. “पण माझा त्यावर प्रबंध आहे.”

असं म्हणून त्याने पिसारा उघडला. समितीने बसल्या जागी टाळ्या वाजवल्या. समितीचे अध्यक्ष म्हणजे एक गवा. भला थोरला, काळा कुळकुळीत. त्यांना सगळे गवेसाहेब म्हणत. गवेसाहेबांना पिसारा फार आवडला.

मग दुसरा उमेदवार आत आला. टक टक आणि एक उडी, टक टक आणि एक उडी. भेकर होतं. पाय तीन.

“चौथा पाय कुठाय?” गवेसाहेबांनी विचारलं.

“फासात राहिला.”

“मग झालं तर! जो स्वतःच अडकला, तो पोरांना काय डोंबल शिकवणार?”

“साहेब,” भेकर शांतपणे म्हणालं, “या जंगलात अडकून परत आलेला मी एकटाच आहे. बाकीच्यांना मुलाखतीला येता आलं नाही.”

समितीला हे उर्मट वाटलं. सचिव कोल्ह्याने तसं टिपूनही घेतलं. पण घोरपडबाई जागेवरून उठल्या, मागून गेल्या आणि त्यांनी अध्यक्षांचं शेपूट तोंडात धरलं.

“बाई, सोडा.”

“नेमणूक करा, सोडते.” हे त्या दातांतून बोलल्या, पण सगळ्यांना कळलं.

दुपारची संध्याकाळ झाली. गवेसाहेबांना पाणी प्यायला जायचं होतं, आणि घोरपडीला घेऊन पाणवठ्यावर जाणं अध्यक्षाला शोभत नाही. शेवटी भेकरे सरांची नेमणूक झाली. हंगामी.

काय सांगू बाळांनो, मास्तर असावा तर असा. फळा नाही, प्रबंध नाही. सर पिल्लांना घेऊन थेट करवंदीच्या जाळीत शिरायचे. वेलींचे खोटे फास करून टांगायचे. माणसाच्या हाताला कसला वास येतो ते सांगायचे: तंबाखू, लोखंड आणि घाम. आणि एकच धडा रोज घोकून घ्यायचे.

“आधी थांब. मग हुंग. मग पाय टाक.”

“आणि गोल दिसलं तर, सर?”

“गोल दिसलं की मागे. कितीही छान दिसू दे, मागे. आणि एक फास दिसला की दुसरा शोधा. माणूस कधी एकच लावून जात नाही.”

वर्गात चिमी नावाची एक पिसोरी होती. पिसोरी म्हणजे हरणांतलं सगळ्यांत लहान हरीण, सशाएवढं. ही चिमी भारी चुणचुणीत. डोळे बांधून सोडली तरी फास हुंगून काढायची. सर तिला शाबासकी देत नसत. “हं, पुढचा,” एवढंच म्हणत, आणि चिमी तेवढ्यावर दिवसभर उड्या मारी.

हिवाळा आला. माणसं आली, फास लावले, फास काढून घेऊन गेली. सगळे रिकामे. हिवाळा संपला तेव्हा बाईंनी हजेरीपट उघडला. बावीसच्या बावीस. लाल शाईची दौत तशीच. बाई अंजनाच्या खोडाला मिठी मारून ढसाढसा रडल्या.

आता समितीला जाग आली. गवेसाहेबांनी सभा बोलावली आणि खणखणीत आवाजात सांगितलं, “चांगला शिक्षक टिकवायचा असेल तर समाजाने त्याच्या पाठीशी उभं राहिलं पाहिजे!”

बाईंनी जोरजोरात मान हलवली. वाक्य अगदी बरोबर होतं. बाईंच्या मनात यादीही तयार होती. शाळेवर छप्पर, सरांना राहायला कोरडी जागा, जोडीला आणखी एक मास्तर.

“म्हणून,” गवेसाहेब म्हणाले, “आपण त्यांचा सत्कार करू.”

त्या जंगलात ही रीतच होती. कुणी काही बरं केलं की त्याच्या गळ्यात फुलांचा हार घालायचा आणि चार भाषणं ऐकवायची. पुढे मग त्याने तसं काही करायची गरज राहत नसे.

पहिला सत्कार समितीने केला. मग रानडुकरांना वाटलं, आपण मागे का? मग वानरांच्या मंडळाने केला. मग शेजारच्या जंगलातून निमंत्रण आलं, त्याच्या शेजारच्या जंगलातून आलं. एक सत्कार म्हणजे जायला एक दिवस, यायला एक दिवस आणि भाषणं ऐकून डोकं दुखतं म्हणून एक दिवस. सर वर्गात दिसेनासे झाले.

बरं, पिल्लांना तरी मोकळं सोडायचं? तेही नाही. स्वागताला रांग कोण धरणार? हार घालायला चिमुकले हात कुठून आणणार? सचिव कोल्हा रोज सकाळी येऊन तालीम घेऊ लागला.

“पाहुणे पिल्लांनाही हार घालतात. हार आला की काय करायचं?”

“थांबायचं, हुंगायचं,” पिल्लं म्हणाली.

“छे छे, शिष्टाचार आहे की नाही काही! हार आला की मान खाली. डोळे मिटायचे. हलायचं नाही. टाळ्या होईपर्यंत तस्संच उभं राहायचं.”

यातही चिमीच पहिली आली. चुणचुणीत पोराला जे शिकवाल ते येतं, त्यात त्याचा काय दोष?

एक दिवस भेकरे सर बाईंकडे आले. त्यांचा आवाज चढला होता.

“बाई, मी वर्षभर सांगितलं, गोल दिसलं की मागे. आणि तो कोल्हा सांगतोय, मान घाला. पोरांनी ऐकायचं कुणाचं? मला या सत्काराला जायचं नाही.”

बाईंना ते सहा मास्तर आठवले. पाणीसुद्धा न पिता गेलेले.

“सर, पहिल्यांदाच हे जंगल एखाद्या मास्तराचं कौतुक करतंय. नाही म्हणालात तर रुसतील. काहीतरी खुसपट काढून तुम्हाला घालवतील. मला तुम्ही हवे आहात हो.”

“मला वर्ग हवाय, बाई.”

बाईंनी रजेच्या अर्जावर सही केली. प्रेमाने केली. अशा अठरा सह्या त्यांनी केल्या.

एकोणिसावा सत्कार घरचाच होता, शाळेजवळच्या माळावर. हिवाळा सुरू झाला होता. मंडप सजला. सर व्यासपीठावर बसले. पाहुणे यायचे होते, म्हणून तोवर येईल तो एकेक हार घालत होता. हार चढत चढत सरांच्या नाकापर्यंत आले. रानजाईची फुलं, आणि वास असा की डोकं गरगरावं. पिल्लं सकाळपासून रांगेत उभी. ऊन वर आलं तरी पाहुण्यांचा पत्ता नाही.

बाईंनी सवयीने रांग मोजली. एकवीस.

पुन्हा मोजली. एकवीसच. चिमी नव्हती.

बाई सुटल्या. ओढ्याच्या वाटेवर, दोन करवंदींच्या मधे, त्यांना चिमी दिसली. तहान लागली म्हणून पाणी प्यायला निघाली होती पोर. वाटेत गोल दिसला. ती मान खाली घालून, डोळे मिटून, अगदी नीट उभी होती. तार गळ्यात होती. हलली नव्हती म्हणून अजून आवळली नव्हती.

पावलं ऐकून चिमीने डोळे न उघडताच विचारलं, “टाळ्या कधी होणार?”



“होतील हं. तोवर हलू नकोस, माझे आई,” असं म्हणून त्या माळाकडे धावल्या. फास सैल कसा करायचा हे त्या जंगलात एकालाच ठाऊक होतं.

व्यासपीठापाशी कोल्हा आडवा आला. “बाई, तुमचं मनोगत आभारानंतर आहे.”

बाईंनी त्याला शेपटीने उडवला आणि सरांचा पाय धरला. “सर, चिमी.”

सरांनी पुढचं ऐकलंच नाही. व्यासपीठावरून उडी मारली आणि तीन पायांवर सुसाट निघाले. गळ्यात हार तसेच. खुरांनी हार काढता येत नाहीत, आणि काढायला थांबायला वेळ कुणाला होता? मागून बाई, मागून रांग मोडून एकवीस पिल्लं.

“चिमे, मी आहे,” सर म्हणाले. “मान तशीच. आता मागे. बोटभर. आणखी बोटभर. ओढू नकोस.”

तार सैल झाली. चिमीची मान बाहेर आली.

“हं, पुढचा,” सर म्हणाले आणि हुश्श करून एक पाऊल मागे सरले.

दुसरा फास तिथे होता. एरवी सरांनी तो दहा हातांवरून हुंगला असता. पण नाकापर्यंत रानजाई होती. खालचं दिसत नव्हतं, तंबाखूचा वास येत नव्हता, लोखंडाचा येत नव्हता. पाय आत गेला आणि तार आवळली.

ओढ्यापलीकडून माणसांचे आवाज आले.

बाईंनी तार दातांत धरली. पण तार म्हणजे काही अध्यक्षांचं शेपूट नव्हे. तोंडातून रक्त आलं.

“बाई, सोडा.”

“सोडत नाही.”

“बाई, बावीस आहेत. मोजून न्या.” मग सर पिल्लांकडे वळले. आवाज रोजच्यासारखाच. “वर्ग सुटला. पळा.”

घोरपडबाईंनी जन्मात पहिल्यांदा धरलेली गोष्ट सोडली.

शाळेत येऊन त्यांनी पिल्लं मोजली. हजेरीपट उघडला. बावीस. एकही लाल रेघ नाही. बाईंनी देवाकडे जे मागितलं होतं ते अगदी तंतोतंत मिळालं होतं. मग त्यांनी शिक्षकांचा हजेरीपट काढला. त्यात एकच नाव होतं. खूप वेळ त्या दौतीचं झाकण उघडेना.

तिकडे माळावर पाहुणे पोचले होते, त्यामुळे कार्यक्रम रद्द करता आला नाही. त्याचीच शोकसभा केली. समितीने तीन ठराव एकमताने मंजूर केले. पहिला, भेकरे सरांच्या नावाने आदर्श शिक्षक पुरस्कार सुरू करावा. दुसरा, मास्तराची नवी जाहिरात काढावी. सतरा अटी जुन्याच, अठरावी नवी: सत्कार चालू असताना उमेदवाराने व्यासपीठ सोडून जाऊ नये. तिसरा, पहिला पुरस्कार घोरपडबाईंना द्यावा, कारण शाळेची बावीसही पिल्लं सुखरूप आहेत.

बाईंना बोलावणं गेलं. बाई आल्या. मागे बावीस पिल्लं. मंडपभर टाळ्या.

गवेसाहेब हार घेऊन पुढे आले. मोठा, गोल, रानजाईचा.

बाई थांबल्या. बाईंनी हुंगलं. आणि बाई एक पाऊल मागे सरल्या.

“अहो बाई, लाजता काय? घ्या की!”

“गोल आहे,” चिमी म्हणाली. तिच्या गळ्यावर तारेचा बारीक वळ होता. तीही मागे सरली. मग ससे सरले, साळिंदराची पोरं सरली, बावीसच्या बावीस सरली. बोटभर, आणखी बोटभर. कुणी ओढाओढ केली नाही. मंडपाबाहेर पडल्यावर सगळी वळली आणि बाईंच्या मागोमाग करवंदीच्या जाळीत वर्गाला गेली.

गवेसाहेब हार धरून उभेच. पाहुणे त्यांच्याकडे बघत होते. शेवटी, फुलं सुकून जायला नकोत म्हणून, त्यांनी तो स्वतःच्याच गळ्यात घातला, मान खाली केली आणि डोळे मिटले.

तात्पर्य: चांगला शिक्षक मिळाला की त्याचा सत्कार ताबडतोब उरकून घ्यावा. उशीर केला तर तो शिकवत बसतो.