एकही पान कमी नाही

सासऱ्यांनी झाड सोपवलं तेव्हा सोबत एक कागदही दिला. त्यावर चौदा सूचना होत्या. पाणी किती, कधी, कुठल्या भांड्यानं, कुंडी गॅलरीत नेमकी कुठे, मांजर आलं तर काय म्हणायचं, इथपर्यंत सगळं. चौदावी सूचना लाल शाईत होती : ‘स्वतःचं डोकं चालवू नये.’

झाड म्हणजे हातभर उंचीचं मेपलचं बोन्साय, वय वर्षं सव्वीस. सासऱ्यांनी त्याची एकेक फांदी तारेनं वळवत, छाटत आणि मुख्य म्हणजे वाट बघत घडवली होती. आता त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन थोरल्या मुलीच्या गावी होणार होतं. धाकटी मुलगी सेवेला सोबत निघाली. झाड धाकट्या जावयाकडे आलं ते केवळ दुसरा इलाज नव्हता म्हणून.

धाकटा जावई घरातल्याच दुकानात कवळ्या बनवायचा. थोरला पूल बांधायचा. सात वर्षांत सासरे थोरल्याशी पुलांबद्दल तासन्‌तास बोलले होते आणि धाकट्याशी ‘बरं आहे ना?’ एवढंच. ते धाकट्याला मनातून खूप खुपायचं. झाड नीट सांभाळलं तर म्हातारा आपल्यालाही माणसात धरील, असा त्याचा हिशोब होता. एरवी झाडांशी त्याचा संबंध सावलीत स्कूटर लावण्यापुरता.

तिसऱ्या आठवड्यात थंडी पडली आणि एक पान पिवळं झालं. दुसऱ्या दिवशी सात. चौथ्या दिवशी सकाळी कुंडीभोवती पानांचा सडा पडला होता. त्यानं कागद उलटा-सुलटा करून वाचला. पानं गळण्याबद्दल अवाक्षर नव्हतं. मोबाइलवर शोधलं, तर पाणी जास्त झालं, पाणी कमी झालं आणि मुळं कुजली, अशी तीन कारणं एकाच पानावर निघाली. तो दर तासाला हातातली कवळी टाकून गॅलरीत जायचा, मातीत बोट खुपसायचा आणि तेच बोट पुसून पुन्हा कामाला लागायचा.

बायकोला विचारायची सोय नव्हती. तिच्या पोटात काही राहत नसे, आणि वडिलांपासून तर मुळीच नाही. शेवटी कवळ्या न्यायला आलेल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंना त्यानं झाड दाखवलं.

“मुळाशीच ढिलं झालंय,” बाईंनी खोड हलवून निदान केलं. “असं झालं की वरचं काही टिकत नाही.”

“मग काय करायचं?”

“आपण काय करतो? नवीन बसवतो,” बाई सहज म्हणाल्या आणि कवळ्या घेऊन गेल्या.

संध्याकाळी ठरल्या वेळी सासऱ्यांचा फोन आला. “झाड कसं आहे?”

“उत्तम.”

“पानं?”

“सगळी जागच्या जागी.”

“सगळी? थंडी पडली ना तिकडे?”

“कडाक्याची. पण एकही पान कमी नाही, बाबा.”

“हूं,” म्हणून फोन बंद झाला. या ‘हूं’नं जावयाची झोप उडाली. म्हाताऱ्याचा विश्वास बसला नाही, हे उघड होतं. म्हणून त्यानं दुसऱ्या दिवशी जरा जास्त जोर लावला. पानं नुसती आहेत असं नाही, चांगली हिरवीगार आहेत. तिसऱ्या दिवशी तर त्यानं नवीन पालवीही फोडली. जसजसं झाड फोनवर बहरत गेलं, तसतसा सासऱ्यांचा आवाज खोल जात गेला.

“मी परवा दुपारी येतो,” ते चौथ्या दिवशी म्हणाले.

“अहो, पण गुडघा?”

“गुडघा घेऊनच येतो.”

त्यानं दुकानाचं दार लावून घेतलं. पुढचे दोन दिवस गावातले सहा जण दातांवाचून मऊ भातावर राहिले. गळलेली पानं त्यानं जपून ठेवली होती. ती त्यानं पाण्यात भिजवली, इस्त्रीनं सपाट केली. त्याच्याकडचे रंग म्हणजे हिरड्यांचा गुलाबी आणि दातांचा पिवळट, तेव्हा हिरवा बाहेरून आणावा लागला. मग भिंग डोळ्याला लावून, चिमट्यानं एकेक देठ धरून, मेणाच्या थेंबानं त्यानं दोनशे बारा पानं बसवली. शेवटचं पान बसलं आणि दाराची बेल वाजली.

सासरे काठी टेकत, मुलीचा हात धरून थेट गॅलरीच्या दाराशी गेले. झाड बघितलं आणि तिथल्याच स्टुलावर मटकन बसले.

“गेलं,” ते म्हणाले.

“काय गेलं, बाबा?” मुलगी घाबरली.

“झाड गेलं. थंडी आली की जिवंत फांदी पान सोडते. दर वर्षी सोडते. मेलेल्या फांदीत तेवढीही ताकद नसते, पान तसंच चिकटून राहतं.” त्यांनी चष्मा काढला. “सगळी चिकटून आहेत. मला फोनवरच कळलं होतं, पण म्हटलं एकदा बघावं.”

सव्वीस वर्षं जपलेल्या झाडासाठी म्हातारा रडत होता. जावई गप्प बसला असता, तर आळ थंडीवर गेला असता आणि त्याच्या नावाला धक्काही लागला नसता. एक क्षण त्याच्या मनात ते येऊनही गेलं. पण त्याला ते रडणं बघवेना. तो पुढे झाला, एक पान ओढलं आणि सासऱ्यांच्या तळहातावर ठेवलं.

“ही मी बसवलीत, बाबा. मेणानं. झाडानं कधीच सोडली होती.”

बायकोनं कपाळावर हात मारला. सासऱ्यांनी चष्मा चढवला, पान उलटंपालटं केलं, मग उठून नखानं फांदीची साल किंचित खरवडली. आत ओलं हिरवं होतं. शेजारी पुढच्या पालवीची मोहरीएवढी कळी होती.

“किती बसवलीत?”

“दोनशे बारा.”

“सगळी काढा. कळीला धक्का लागता कामा नये.”

दोघं शेजारी बसून पानं काढू लागले. सासऱ्यांचा हात कापत होता, म्हणून चार पानांनंतर त्यांनी काम सोडलं आणि नुसते बघत बसले. जावयाचा चिमटा एकाही कळीला न लागता सरळ खाली उतरत होता.

“पुढच्या थंडीत झाड माझ्याकडेच राहील,” सासरे म्हणाले.

“हो, बाबा.”

“छाटणीला मात्र तुम्ही या. माझ्याच्यानं आता होत नाही.”

जावयानं मान हलवली. मग त्यानं पुढचं पान चिमट्यात धरलं.