गुलाबमामाचा गव्हर्नर

भाचीच्या लग्नाला एसटी सोडून आपल्या ट्रकने जायचं, असं गुलाबभाऊंनी ठरवलं आणि त्यांच्या बायकोने, सुगंधाबाईंनी, कपाळाला हात लावला.

ट्रक वडिलांच्या काळातला, लांब नाकाचा. त्याच्या इंजिनातल्या डिझेल पंपावर गव्हर्नर होता, म्हणजे इंजिन भलत्या वेगाने फिरू नये म्हणून बसवलेला लगाम. गुलाबभाऊंनी तो पान्याने आणखी आवळून ठेवला होता. (घरादारात त्यांना आवळता आलेली ही एकच गोष्ट.)

"मी मामा हावो. पोरीले हात धरून मांडवात मीच आणणार. मंग एसटीत उभ्यानं जाऊ का?"

"उभ्यानं गेलो तरी पोचतो तं," सुगंधाबाई म्हणाल्या.

भाचीसाठी, दिव्यानीसाठी, घेतलेलं लोखंडी कपाट मागे बांधून सिंदेवाहीहून पोंभुर्ण्याकडे स्वारी निघाली. मूल गाव येईपर्यंत दोन ट्रॅक्टर पुढे गेले. मग एक म्हातारा सायकलवाला पुढे गेला आणि जाता जाता आपुलकीने, "भाऊ, ढकलू का?" असं विचारून गेला.

"अवो, वाढवा ना थोडं. मुहूर्त टळून राह्यला."

"जुन्या इंजिनाले दमवाचं नसते."

"अन मले? मी कवाची दमून राह्यली."

गुलाबभाऊंनी त्यांना इंजिनाचा सुरक्षित वेग समजावून सांगायला घेतला. लग्नानंतर हा विषय त्या इतक्यांदा ऐकत आल्या होत्या, की मधले शब्द त्याच पुरवत. मूल गाव सोडल्यावर मागून पोंभुर्ण्याची एसटी येताना दिसली, तशा त्या पदर खोचून खाली उतरल्या आणि एसटीला हात दाखवला. उतरण्यासाठी ट्रक थांबवावा लागला नाही.

एसटी पुढे निघून गेली. खिडकीतल्या सुगंधाबाई मुद्दाम दुसऱ्या बाजूला बघत होत्या. हे मात्र गुलाबभाऊंच्या फार जिव्हारी लागलं. ट्रक कडेला घेऊन त्यांनी बोनेट उघडलं आणि गव्हर्नरचा बोल्ट पार मोकळा केला.

आता इतकी वर्षं त्यांची सवय अशी, की गव्हर्नरने इंजिनाला अडवलं, आवाज एका जागी थांबला, की गिअर बदलायचा. आज अडवणारं कोणी नव्हतं. आवाज चढतच गेला आणि गुलाबभाऊ तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबून, तो थांबायची वाट बघत बसले. सागाच्या रानातली माकडं झाडं सोडून पळाली. मग बोनेटखाली धाडकन काहीतरी फुटलं आणि रस्त्यावर ऑइलचा सडा पडला.

धान घेऊन जाणाऱ्या ट्रॅक्टरने त्यांना दोराने ओढत मांडवापर्यंत नेलं. (दोर कपाटाचाच. कपाट सागाच्या रानात राहिलं.) तोवर अक्षता पडून गेल्या होत्या. नवरीची आई, म्हणजे त्यांची बहीण बायनाबाई, त्यांना पाहून तोंड फिरवून आत निघून गेली.

"नवरीले कोणं आणलं?" गुलाबभाऊंनी बायकोला हळूच विचारलं.

"कंडक्टरनं. लहानूभाऊ नाव हाये. मी गाडीत रडून राह्यली होती, तं आला बिचारा मांडवापर्यंत. त्याची गाडी इथीच खाली होते, पुढं जात नाई. भटजी थांबाले तयार नाई, मंग त्यालेच मामा म्हणून उभं केलं. लय चांगलं आणलं जी त्यानं. रडला बी."

समोर खाकी कपड्यांवर मामाचा मानाचा दुपट्टा आणि डोक्यावर टोपी घालून लहानूभाऊ नवरा-नवरीसोबत फोटो काढून घेत होते. गुलाबभाऊंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण भूक काही मेली नव्हती. ते गुपचूप पहिल्या पंगतीत जाऊन बसले. अंगावरचा नवा सदरा ऑइलने काळा झाला होता.

वाढपी आला, त्याने सदरा पाहिला आणि समोरची पत्रावळ अदबीने उचलून घेतली.

"ड्रायव्हर लोकायले मांगं बसवून राह्यलो, भाऊ. ही जागा मामाची हाये."