सातव्या पायरीचे इतिवृत्त

ज्या शहराचे इतिवृत्त वेळच्या वेळी लिहिले जाते, त्या शहरात काहीही मोडू शकत नाही. मोडलेच, तर तो मोडणाऱ्या वस्तूचा दोष समजावा. हे सत्य या लहानशा शहराच्या नगरपालिकेला फार लवकर उमगले आणि त्याचे बरेचसे श्रेय सभा विभागातल्या लेखनिकाला द्यावे लागते. सव्वीस वर्षे ठराव लिहून लिहून त्याचे नावच ठरावभाऊ पडले होते. बायकोही रागावली की त्याच नावाने हाक मारी.

सभेत काय घडले याची नोंद म्हणजे इतिवृत्त. इतर गावी ती सभा झाल्यावर लिहितात. त्यात धोका असा, की सभेत काय घडेल याचा काही भरवसा नसतो. पूर्वी इथेही तसेच चाले. पण एका सभेत एका सदस्याने अचानक प्रश्न विचारला (तो नवीन होता), उत्तर कोणालाच येईना आणि ते सगळे सभ्य भाषेत लिहून काढताना ठरावभाऊंचे तीन दिवस गेले. तेव्हापासून इतिवृत्त सोमवारी लिहायचे आणि सभा गुरुवारी घ्यायची, असा शहाणपणाचा पायंडा पडला. कोणी केव्हा बाक वाजवायचे, कोणी सभात्याग करायचा आणि चहा येताच कसे परतायचे, हे आधीच ठरलेले असल्यामुळे सदस्य निर्धास्त असत. गेल्या बारा वर्षांत एक हजार चारशे आठ ठराव झाले आणि एक सोडून सगळे एकमताने मंजूर झाले. त्या एकाच्या वेळी वीज गेली होती, त्यामुळे हात मोजता आले नाहीत.

नगराध्यक्ष तर देवमाणूस. सभागृहात शिरताना ते हळूच विचारत, "ठरावभाऊ, आज मी कोणाकोणाचं ऐकून घेतोय?"

"तिघांचं, साहेब. तिसऱ्यावर थोडे चिडता, मग हसता."

"बरं, करतो." आणि ते बरोबर तिसऱ्यावर चिडत.

असे सगळे सुरळीत चालले असताना ठरावभाऊंची आई पडली.

ती टेकडीवरच्या गल्लीत राहायची. तिच्या दारापासून खालच्या रस्त्यापर्यंत चौदा पायऱ्या, आणि सातवीचा पुढचा अर्धा भाग निखळून गेलेला. म्हातारी अठ्ठ्याहत्तर वर्षांची. रोज सकाळी खाली उतरायचे, रस्त्याकडेच्या बाकावर दोन मैत्रिणींबरोबर बसायचे आणि अख्ख्या गल्लीची उणीदुणी काढून जेवायला वर यायचे, एवढेच तिचे सुख. पडली तेव्हा मनगट मोडले. मनगट सहा आठवड्यांत जुळले. पायरी कोणी जुळवली नाही. म्हातारीने उतरणे सोडले आणि ती खिडकीत बसू लागली. खालून मैत्रिणी हात करत, ही वरून हात करी. पण हातवाऱ्यांनी उणीदुणी काढता येत नाहीत, आणि त्या बोलक्या बाईचे ते गप्प बसणे ठरावभाऊंना बघवेना.

"अरे, तू नगरपालिकेत आहेस की नुसता खुर्चीत आहेस?" थोरल्या बहिणीने विचारले. ती आईच्या शेजारीच राही आणि बोलायला कोणाला भीत नसे.

ठरावभाऊंनी रीतसर अर्ज केला. बांधकाम विभागाने कळवले, की पायरीवरून माणसे चालतात, सबब ती रस्ता आहे. रस्ते विभागाने कळवले, की रस्ता तोच ज्यावरून वाहन जाते. तरी खात्री करण्यासाठी एक वाहन पाठवण्यात आले आहे. (ते दुरुस्तीला गेले. वाहनांचा विभाग वेगळा.) दोन महिन्यांनी अर्ज फिरून सभा विभागात, म्हणजे ठरावभाऊंच्याच टेबलावर आला.

मग त्या सरळमार्गी माणसाने सव्वीस वर्षांत केले नव्हते ते केले. सोमवारी इतिवृत्त लिहिताना त्याने आपल्या मनाचा एक ठराव त्यात घातला. बाकीचे वरून आलेल्या कच्च्या कागदांवरून जसेच्या तसे उतरवले. त्या आठवड्याचे ठराव असे :

१. शहराला 'आदर्श शहर' म्हणावे. (मागील ठरावाने 'अति आदर्श' म्हटले होते, ते नम्रतेपोटी कमी करण्यात येत आहे.)

२. भटक्या कुत्र्यांनी सायंकाळी सहानंतर भुंकू नये. सूचना फलकावर लावावी.

३. मुख्य चौकातील बंद घड्याळ दिवसातून दोनदा अचूक वेळ दाखवते, याबद्दल अभिनंदन.

४. नगरपालिकेने पूर्ण केलेल्या कामावर नागरिकांनी परस्पर काही काम केल्यास ते विनापरवाना समजून ताबडतोब पाडावे. वाचणाऱ्याची हरकत असल्यास त्याने इथेच सांगावे.

५. उद्यानातील झोपाळ्याला साखळी नसल्याने तो बाक समजण्यात यावा. बाकाला पाय नसल्याने तो झोपाळा समजण्यात यावा.

६. टेकडी गल्लीतील सातवी पायरी दुरुस्त करण्यात यावी.

सहावा ठराव ठरावभाऊंनी अगदी जपून लिहिला. पण सवयीला कोण काय करणार? प्रत्येक ठरावापुढे जे वाक्य सव्वीस वर्षे लिहिले, ते हाताने आपोआप लिहून टाकले : 'काम समाधानकारकरीत्या पूर्ण झाले असून नागरिकांनी आनंद व्यक्त केला.'

गुरुवारी इतिवृत्त एकमताने मंजूर झाले. शुक्रवारी ठरावभाऊ हसतमुखाने अभियंत्याकडे गेले.

"पायरी कधी घेताय?"

"कुठली? टेकडी गल्लीतली? अहो, झाली की ती!"

"नाही झाली. काल संध्याकाळीच पाहिली."

"तुमच्याच अक्षरात आहे, भाऊ. आता झालेली पायरी पुन्हा कशी करायची? आधी मोडावी लागेल."

"मोडलेलीच आहे हो."

"कागदावर?" अभियंत्याने अगदी आपुलकीने विचारले.

तेवढ्यात झालेल्या कामाचे उद्घाटन राहिले, हे नगराध्यक्षांच्या लक्षात आले. रविवारी सहाव्या आणि आठव्या पायरीमध्ये फीत बांधली गेली. नगराध्यक्षांनी ती कापली, खाली पाहिले, धोतर सावरले आणि सातवी पायरी टुणकन उडी मारून ओलांडली. मागून सगळ्या सदस्यांनी ज्येष्ठतेनुसार उड्या मारल्या.

"जपून रे बाळा," म्हातारी खिडकीतून ओरडली. "मोडलीये ती!"

"आजी, ती दुरुस्त झाली."

"मग उडी का मारलीस?"

इतिवृत्तात या ठिकाणी 'हशा' लिहिलेले होते, त्यामुळे सगळे हसले. ठरावभाऊ तेवढे मान खाली घालून उभे राहिले. त्यांना मेल्याहून मेल्यासारखे झाले होते.

सोमवारी बहिणीने तडक एक गवंडी बोलावला. चार विटा, घमेलेभर सिमेंट, एक कप चहा, आणि अर्ध्या तासात पायरी उभी. दोन दिवस सुकू दिली. गुरुवारी सकाळी म्हातारी एकेक पायरी मोजत उतरली, सातवीवर मुद्दाम दोनदा पाय आपटून पाहिला आणि थेट बाकावर जाऊन बसली. चार महिन्यांची उणीदुणी साचली होती. जेवायलासुद्धा ती उशिरा आली. ठरावभाऊ कार्यालयातून मुद्दाम बघायला आले होते. कोपऱ्यावर उभे राहून ते डोळे पुसत हसत होते.

शुक्रवारी दहा वाजता पथक आले. आठ कामगार, दोन पर्यवेक्षक, एक छायाचित्रकार. नगरपालिका काम करत नाही म्हणणाऱ्यांनी हे पाहायला हवे होते. पायरी अकरा मिनिटांत पाडली गेली. ठरावभाऊ धावत आले तेव्हा पर्यवेक्षकाने नम्रपणे कागद पुढे केला. ठराव क्रमांक चार. अक्षर ठरावभाऊंचेच.

"पण हरकतीची मुदत?"

"होती की. एकही आली नाही."

"मी उतरवला, पण वाचला नव्हता," ठरावभाऊ पुटपुटले.

ते जड पावलांनी वर गेले. सातवीवरून त्यांना उडी मारावी लागली. म्हातारी पुन्हा खिडकीत बसली होती.

"इतक्या लोकांनी वाचलं असेल ना रे ते," ती म्हणाली. "एकालाही काही वाटलं नाही?"

नोंद अचूक असावी म्हणून सांगायला हवे, की चौथा ठराव लपवलेला नव्हता. वर सरळ अक्षरांत, कुत्री आणि घड्याळाच्या खाली आहे. हरकत असल्यास इथेच सांगा, असेही त्यात होते. आपण तो वाचलात आणि झोपाळ्याला हसायला पुढे गेलात. त्याची रीतसर नोंद घेण्यात आली आहे.

उपस्थित वाचक : एक. हरकत : नाही. ठराव एकमताने मंजूर.