पाच बिनकामाची प्रथिने

तयार वस्तूत जो दिसत नाही, त्याने ती वस्तू घडवण्यात काहीही केलेले नसते, हे शासनाने फार विचारान्ती काढलेले सत्य आहे. (विचार एका मंगळवारी, चहानंतर झाला.)

आमच्या नागपूरच्या विषाणू प्रयोगशाळेत ते १९८८ साली लागू झाले. मी तिथला हेडक्लार्क. जागा कमी करायला शासनाकडून तपासणीला आलेल्या वामनरावांना आमचे प्रमुख डॉ. मार्तंडराव रोटाव्हायरस समजावून सांगत होते. लहान लेकरांना जुलाब लावून वाळवून टाकणारा हा विषाणू अकरा प्रथिने बनवतो. सहा त्याच्या अंगात असतात. उरलेली पाच पेशीत राबतात: जनुकांच्या नकला काढायला, सुटे भाग जुळवायला, कवच चढवायला. विषाणू तयार झाला की ती मागे राहतात.

"तयार मालात एकबी नाही?" वामनरावांनी विचारले.

"नाही."

"मग काहून पोसून राहिले त्याइले?"

डॉक्टर म्हणाले, त्यांच्यावाचून नवा विषाणू होतच नाही. वामनरावांनी टिपून घेतले: 'पाच जागा अतिरिक्त.' विषाणूच्या आस्थापनेवर आपला अधिकार चालत नाही, तेव्हा कपात प्रयोगशाळेत करायचे ठरले. (माणूस हुशारच!) कसोटी तीच. वार्षिक अहवालाच्या ग्रुप फोटोत जो नाही, तो नाही.

फोटोत डॉक्टर होते, तीन सहायक होते, मी होतो (खुर्चीत), आणि अमरावतीहून सहज आलेले डॉक्टरांचे मेहुणे होते. नियमाप्रमाणे मेहुण्यांना हजेरीपटावर घ्यावे लागले.

फोटोत नसलेले नेमके पाच निघाले. बाटल्या उकळणारा, उंदरांना दाणे घालणारा, बर्फ आणणारा, जनरेटर सुरू करणारा आणि रोजंदारीवरची वच्छला. दर सोमवारी ती एस.टी.ने उमरेडकडच्या गावांत जाई, आजारी लेकरांचे नमुने बर्फाच्या थर्मासातून आणी आणि कुणी सांगितले नसताना तिथल्या आयांना मीठ-साखरेचे पाणी कालवायला शिकवी. हे काम कोणत्याही परिपत्रकात नाही.

"फोटोच्या दिवशी मी नमुनेच आणून राहिली होती ना साहेब," ती म्हणाली. "मले काढाचं त काढा. पण त्या लेकरायले पानी पाजाले कोन जाईन?"

"बाई, तू फोटोत नाहीस. आता मी काय करू, तूच सांग!" वामनराव म्हणाले. त्यांचा आवाज अगदी मऊ होता.

मला लाज वाटली, खोटे कशाला बोलू? आदेश मात्र मीच टाइप केला. तीन प्रती, एकही खाडाखोड नाही.

पुढच्या तिमाहीत नमुने आले शून्य. शून्य नमुन्यांत विषाणू सापडले शून्य. रोग हटल्याचे जाहीर झाले. डॉक्टरांना शाल मिळाली, मेहुण्यांना पुष्पगुच्छ.

त्याच हिवाळ्यात उमरेडकडच्या एका गावात तीन पाळणे रिकामे झाले. नमुने न आल्यामुळे ती लेकरे कशाने गेली हे ठरवता येत नाही, म्हणून अहवालात ती घेतलेली नाहीत.

तुम्हाला वामनरावांचा राग आला असेल. येणारच, तुम्ही भली माणसे. तर मग वर न बघता सांगा बरे: डॉक्टरांचे नाव मार्तंडराव, आणि थर्मास वाहणाऱ्या त्या बाईचे?